बंड्या, ती वही आहे का तुझ्याकडे?

पुणे, रविवार रात्र

प्रिय बंड्या,

तुझा फोन येऊन गेला त्याला सात महिने झाले. करतो करतो म्हणत मी उलटा केलाच नाही, त्याबद्दल हव्या तेवढ्या शिव्या घाल. माझी साखर ताब्यात आहे, हिचे गुडघे तसेच. आता मुद्द्यावर येतो, कारण हे मी दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही.

काल रात्री ‘सिरियाना’ पुन्हा पाहिला, तो तेलाच्या राजकारणावरचा इंग्रजी सिनेमा. आठवतोय ना? आखातातली आपली खोली, मल्याळ्याच्या दुकानातली डीव्हीडी, वरच्या बंकवर तू. अर्ध्या तासात घोरायला लागलास, आणि बैरुतमध्ये त्या नटाची, जॉर्ज क्लूनीची, नखं उपटतात तेव्हा त्याच्या किंकाळीने दचकून उठलास ते थेट डोकं छताला आपटलंस! सकाळी वर मलाच विचारतोस, “कोण कुणाचा कोण? तेहरान, जिनिव्हा, वॉशिंग्टन, नुसती पळापळ. गोष्ट कुठंय यात?” तीन दिवस भांडलो आपण. मी सिनेमातल्या अरब शहजादा नासिरची बाजू घेऊन. तो जास्त बोली लावणाऱ्या चिनी कंपनीला गॅसचे हक्क देतो, त्याला देशात सुधारणा हव्यात, आणि अमेरिकेला तेवढंच नको असतं. त्यांना त्याचा धाकटा भाऊ सोयीचा. शेवटी लांब कुठेतरी खोलीत बसून पडद्यावर बघत त्याची गाडी उडवतात. मी तुला इराणचे पंतप्रधान मोसादेक ऐकवले होते. १९५१ साली इराणचं तेल राष्ट्राच्या मालकीचं केलं आणि १९५३ मध्ये अमेरिकेची गुप्तहेर संस्था सीआयए आणि ब्रिटिशांनी मिळून त्यांचं सरकार पाडलं. तू म्हणालास, “मोसादेक राहू दे, उद्यापासून कामावर शटडाउन आहे, झोप.”

काल नासिर मेला तेव्हा मला काहीच वाटलं नाही. मी तोवर दुसरीकडेच अडकून पडलो होतो. ते पाकिस्तानी बाप-लेक, आठवतात? नसतील, तू झोपला होतास. कंत्राट चिन्यांकडे गेल्यावर प्लँटवरचे कामगार काढतात. काम गेलं की राहण्याचा परवानाही जातो. परवान्याच्या रांगेत बोलला म्हणून पोराला रखवालदार बडवतात. मग तो मदरशात जातो आणि शेवटी स्फोटकं भरलेली बोट घेऊन गॅसच्या जहाजावर धडकतो. त्या कामगारांना ‘तुमचं काम संपलं’ हे सांगणारा माणूस कसा दिसत होता, ते मला सिनेमा संपल्यावर आठवेना. मागे नेऊन बघायचा धीर झाला नाही. बंड्या, तो माणूस मी होतो.

फेब्रुवारी २००९. आदल्या जुलैत पिंपाला १४७ डॉलरवर गेलेलं तेल डिसेंबरात चाळिसाच्या खाली आलेलं. कामावरून काढायची बासष्ट नावं. साहेबाने कागद माझ्या हातात दिला, कारण टाइमकीपर मी, आणि मला हिंदी बोलता येतं. मेसच्या दारात उभा राहून वाचली. तू मागे पाण्याच्या टाकीजवळ होतास. एक्केचाळिसावं नाव आपल्या त्या पोराचं होतं, पाकिस्तानातल्या स्वातच्या.

तो संध्याकाळी खोलीवर आला, एनओसी म्हणजे कंपनीचं ना-हरकत पत्र मागायला. ती नसली तर दुसरीकडे लागता येत नव्हतं, परत जायचं एवढंच. मला सही करता येत नव्हती हे खरं आहे. पण साहेबापुढे कागद सरकवता आला असता. दोन ड्रायव्हरांसाठी मी तो सरकवलाही होता, तुला माहीत आहे. त्याच्यासाठी नाही सरकवला. पुढच्या यादीत माझं नाव येईल अशी भीती होती. त्या रात्री तू मला जे बोललास, ते मी सोळा वर्षं तुझ्यावर धरून बसलो. तुझ्या पुतण्याच्या लग्नाला आलो नाही, तेही त्याच्यापायीच. तू बरोबर बोलला होतास.

तो गावी परत गेला आणि मे महिन्यात स्वातमध्ये पाकिस्तानी लष्कराची तालिबानविरोधी मोहीम सुरू झाली. त्या भागातली वीस लाखांहून जास्त माणसं घरदार सोडून निघाली. आपण मेसमधल्या टीव्हीवर ते तंबू बघत होतो, आणि तू माझ्याकडे बघत होतास. मी ताट उचलून बाहेर गेलो.

सिनेमाचा मला रागही आला. कामावरून काढलेला मुसलमान पोरगा म्हणजे बॉम्ब, हे किती चटकन जुळवून टाकलं त्यांनी. आपला पोरगा तुझ्या फाटलेल्या सेफ्टी बुटाला दोऱ्याने टाके घालायचा, खुबूसचा, त्या अरबी रोटीचा, मोठा तुकडा नेहमी समोरच्याला द्यायचा. त्याला तो चेहरा मी का लावू? पण रात्रभर तोच चेहरा येत राहिला, आणि दुसरा कुठला आणावा ते सुचेना. तो सफरचंदाच्या बागेत असेल, की तंबूत, की कराचीला कुठल्या गोदीत? आता तिशी-पस्तिशी ओलांडली असेल. मला हे खरंच कळायला हवं आहे.

म्हणून विचारतो. जाण्याच्या आदल्या दिवशी त्याने तुझ्या हिशेबाच्या वहीत गावाचा पत्ता लिहून दिला होता, उर्दूत. निळ्या पुठ्ठ्याची, खुबूसची उधारी लिहायचास ती. तू काही टाकत नाहीस म्हणून वहिनी कायम ओरडते, तर या वेळी तिला सांग, नशीब टाकलं नाही. चिपळूणच्या पुरात गेली नसेल तर माळ्यावरच्या ट्रंकेत बघ. उर्दू वाचणारे इथे शोधेन मी.

चिमीला बारावीला चांगले मार्क पडले म्हणे, तिला माझ्याकडून पेढे. तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का? कळव.

वही सापडली तर फोटो पाठवू नकोस, अक्षर पुसट असेल. कुरियर कर. नाहीतर राहू दे, मीच येतो गुरुवारच्या गाडीने.

तुझा,
नाना