बाबांची निळ्या झाकणाची बाटली

मँचेस्टर

ती. आईस,
शि. सा. नमस्कार.

रविवारी व्हिडिओ कॉलवर ईशान तुझ्या मांडीवर आडवा होता, नाक घुर्र घुर्र वाजत होतं आणि तुझ्या हातात ती निळ्या झाकणाची बुटकी बाटली. बाबांची! मी काही बोलणार तोच नेटवर्क गेलं, मग तुझा कुकर लागला आणि विषय राहूनच गेला. फोनवर सांगितलं की तू "हो गं" म्हणतेस आणि मग स्वतःचंच खरं करतेस. म्हणून कागदावर लिहितेय. दादाला आजच याचा फोटो पाठवते, पत्र येईल सावकाश.

ते नाकात घालायचे थेंब ईशानला अजिबात नको घालूस. बाबांच्या बाटलीत झायलोमेटाझोलीन आहे, ०.१ टक्का, म्हणजे मोठ्या माणसांचं. नाकातल्या रक्तवाहिन्या आवळून ते सूज उतरवतं, म्हणून बाबांना लगेच मोकळं वाटतं. पण दहा महिन्यांच्या पोराच्या नाकातून ते घशात उतरतं, पोटात जातं. असल्या थेंबांचे एक-दोन मिली पोटात गेले तरी लहान मुलं सुस्त पडतात, श्वास आणि नाडी मंदावते. बाटली उशीखाली ठेवायची बाबांची सवयही मोडायला हवी, ईशान आता रांगतो.

आणि बाबांचं नाक वर्षानुवर्षं का चोंदतंय, माहितेय? त्या थेंबांनीच! पाच-सात दिवसांपलीकडे वापरले की औषध उतरल्यावर नाक आणखी फुगतं, मग पुन्हा दोन थेंब. त्यांना सांग, माझं नाव घेऊन सांग.

सर्दीचं गोड सिरपही नको. इथे सई तीन वर्षांची असताना मी औषधाच्या दुकानात सिरप मागायला गेले, तर फार्मासिस्ट बाईने दिलंच नाही. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी ही औषधं इथे २००९पासून दुकानात अशी मिळत नाहीत. तेव्हा मी चिडले होते. आपल्याकडे नाक्यावरचा केमिस्ट काहीही देतो ना! पण २०२३च्या डिसेंबरात आपल्याकडेही आदेश निघाला की क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिन एकत्र असलेलं औषध चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, आणि तसं बाटलीवर छापावं. घरातली बाटली जुनी असेल तर त्यावर ते नसेलही. वहिनीला नावं वाचायला सांग.

मग करायचं काय? दादरला कुठल्याही केमिस्टकडे मिठाच्या पाण्याचे थेंब मिळतात, 'सलाइन नेझल ड्रॉप्स' म्हण. दूध पाजायच्या आधी प्रत्येक नाकपुडीत दोन-दोन थेंब, मिनिटभर थांबायचं, शेंबूड सैल झाला की मऊ सुती कपड्याने टिपायचा. नाक चोंदलं की बाळाला ओढता येत नाही, म्हणून तो दूध टाकून रडतो. भूक नाही असं नव्हे. थोडं थोडं, वरचेवर पाज.

तुझी ओव्याची पुरचुंडी राहू दे, कोमट असेल आणि पाळण्याबाहेर टांगलेली असेल तर. कापूर मात्र त्यात नको. लहान मुलांना तो बाधतो, झटकेही येतात. मधाचं बोट वाढदिवस होईपर्यंत नाही. आणि गरम पाण्याच्या पातेल्यावर वाफारा तर नाहीच. भाजेल गं तो.

एक मात्र रोज कर. तो शांत झोपला की बनियन वर करून मिनिटभर छाती बघ, घड्याळ लावून. श्वास ५० किंवा जास्त मोजलेस, बरगड्यांखाली खड्डा पडताना दिसला, दूध ओढेनासा झाला किंवा ओठ निळसर वाटले, तर आमची वाट बघू नका. टॅक्सी करा आणि परळला वाडिया हॉस्पिटलात न्या, रात्रीचे दोन वाजले असले तरी.

दादाला कपाटातल्या सगळ्या बाटल्यांचे फोटो काढून पाठवायला सांग. आणि कापूर देवघरात परत ठेव.

तुझी,
मनू