ब्रॉयलरच्या आईबापांची भूक: पशुसंवर्धन मंत्र्यांना खुले पत्र

माननीय पशुसंवर्धन मंत्री यांस,

ब्रॉयलरची जात निवडताना वजनवाढ आणि किलोमागे लागणारे खाद्य पाहिले जाते. वजनाबरोबर पक्ष्याची भूकही बदलते, आणि तिचा हिशेब कुणी मागत नाही. तो आपण मागावा, यासाठी हे पत्र.

1957 साली अमेरिकेतील व्हर्जिनियात आनुवंशिकीचे संशोधक पॉल सीगल यांनी पांढऱ्या प्लायमाउथ रॉक कोंबड्यांचे दोन वंश वेगळे काढायला घेतले. कसोटी एकच, 56 व्या दिवसाचे वजन. पुढे दोन्ही वंशांत दहापटीहून जास्त फरक पडला. जड वंशाचे पक्षी खात सुटतात आणि लठ्ठ होतात. हलक्या वंशातली काही पिल्ले मात्र भरल्या खाद्यपात्रापाशी उपाशी मरतात. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधला तृप्तीशी जोडलेला भाग निकामी केल्यावर हलके पक्षी लठ्ठ झाले, जड पक्ष्यांचे खाणे वाढले नाही. ‘पुरे’ म्हणणारा लगाम त्यांच्यात आधीच सुटलेला होता, असाच याचा अर्थ लागतो. आणि निवड तर फक्त वजनाची होती!

कत्तलीच्या पक्ष्याचे आयुष्य काही आठवड्यांचे, त्यामुळे तिथे ही भूक फायद्याची वाटते. झळ बसते ती त्याच्या आईबापांना. त्यांना पोटभर दिले तर अंडाशयात एकाच वेळी अनेक बलक पिकतात, दुहेरी बलकाची व कच्च्या कवचाची अंडी येतात, पाय अधू होतात, मर वाढते. म्हणून वाढीच्या वयात त्यांना भुकेच्या साधारण पाव ते निम्मेच खाद्य मिळते. दिवसभराचा वाटा काही मिनिटांत संपतो. मग पक्षी रिकामे खाद्यपात्र आणि भिंतीवरचा एखादा ठिपका टोचत राहतात, पाणी ढोसतात, खाली अंथरलेले तूस ओले होते.

हे बंधन नुसत्या आदेशाने उठवू नका. पक्षी लठ्ठपणाने मरतील. एक दिवस आड खाद्य देणे मात्र थांबवता येते. रोज, ओटच्या टरफलासारखा तंतुमय भाग मिसळून खाद्य द्यावे. प्रौढ पक्ष्यामागे 15 सेंटिमीटर जागा हवी आणि खाद्य सगळीकडे 3 मिनिटांत पोचावे, नाहीतर दुबळे पक्षी मागे पडून कळपाची वजने विखुरतात. खाद्यात कॅल्शियम प्रोपिओनेट हे भूक मंदावणारे रसायन घालून भूक मारण्याला आमचा विरोध आहे. त्याने पोट भरल्याचे समाधान मिळते की नुसती अस्वस्थता वाढते, हे आधी तपासले पाहिजे.

नव्या जातीला मंजुरी देताना तिच्या मातृकळपाला (म्हणजे आईबापांच्या कळपाला) पोटभर खाल्ले असते त्याच्या किती टक्के खाद्य मिळते, हा आकडा आठवड्यागणिक मागवावा. तो जितका कमी, तितकी ती जात नाकारण्याची बाजू भक्कम.

आपले,
कुक्कुटपोषणात काम करणारे पशुवैद्यक