देव गप्प आहे, मग चर्चला कशाला जाता?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या वाचकांच्या पत्रांमधे गेले काही दिवस श्रद्धा-अंधश्रद्धेवरून जी जुगलबंदी चाललीये ती मी रोज वाचते. त्यात एका वाचकाने लिहिलं होतं की समोरचा फोन उचलतच नाही तरी तुम्ही लोक वर्षानुवर्षं रिंग देत बसता, ह्याला श्रद्धा म्हणायचं का नुसती सवय. ह्या पत्राला कुणीतरी ख्रिस्ती माणूस उत्तर देईल म्हणून मी वाट बघितली, कुणी दिलं नाही, म्हटलं चला आपणच लिहू. पत्र लांबलंय, कापायचं असेल तर माझ्या घरचं कापा, पंडिता रमाबाईंचं कापू नका.

प्रश्न रास्त आहे हो. आमच्या चर्चमधे हा प्रश्न सगळ्यांच्या पोटात असतो पण ओठावर कुणी आणत नाही, म्हणून तर मला तो आवडला.

आम्ही मूळचे नगरचे, आता अहिल्यानगर म्हणायचं, अमेरिकन मराठी मिशनच्या काळापासूनचं ख्रिस्ती घर, आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर. आता पिंपरीत असतो. आमच्या मिस्टरांच्या दोन्ही किडन्या गेल्यात, मंगळवार-गुरुवार-शनिवार डायलिसिस, दर वेळेला चार तास मशीनवर. डाव्या हाताला फिस्टुला केलाय, म्हणजे ऑपरेशन करून दोन रक्तवाहिन्या एकमेकींना जोडल्यात, त्यावर बोटं टेकवली की आतून घुर्रर्र अशी थरथर लागते, ती लागली म्हणजे हात चालू आहे. सकाळी उठल्यावर पहिलं काम ते, प्रार्थना त्याच्यानंतर. दिवसभराचं पाणी बाटलीत मोजून ठेवायचं, चहा, आमटी, ताक सगळं त्यातच धरायचं, आणि उन्हाळ्यात फारच झालं तर बर्फाचा एक खडा तोंडात. भेटायला येणारे प्रेमाने शहाळी घेऊन येतात, त्यांना कसं सांगायचं की ह्या पेशंटला शहाळं म्हणजे विष, पोटॅशियम वाढतं, मग ती शहाळी वॉचमन पितो. माझी किडनी टेस्टमधे बसली नाही, ट्रान्सप्लांटच्या वेटिंग लिस्टला नाव आहे, ते आहे तिथेच आहे.

प्रार्थनेत आमच्या चर्चच्या मंडळीने काही कमी केलं नाही. उपास झाले, रात्रभराच्या प्रार्थना झाल्या, बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात सांगितलंय तसं वडिलांनी, म्हणजे चर्चच्या ज्येष्ठांनी, येऊन तेल लावून प्रार्थना केली. रिपोर्ट होता तोच राहिला.

मग सुरू झालं सांत्वन. देवाची वेळ असते ताई. देव त्याच्याच माणसांची परीक्षा घेतो. घरात काही कबूल न केलेलं पाप आहे का बघा जरा. विश्वास मोहरीच्या दाण्याएवढा असला तरी पुरतो, म्हणजे आमचा तेवढाही नाही असं आडून सांगायचं. एका बाहेरून आलेल्या प्रचारकाने तर भरसभेत ह्यांच्या डोक्यावर हात ठेवून डिक्लेअर केलं की झालं, देवाने नवीन किडनी दिली, आता मशीनला जायचं नाही, गेलात तर तो अविश्वास. हे शांतपणे म्हणाले, ब्रदर, मशीनला नाही गेलो तर थोड्याच दिवसात मी देवालाच भेटणार आहे, तेव्हा तुमचा निरोप सांगतो. लोक हसले, ब्रदर नाही हसले. आमच्याकडे हसण्यावारी गेलं म्हणून ठीक, पण असलं ऐकून खरोखर औषधं बंद करणारी माणसं असतात, आणि ती गेल्यावर त्यांची साक्ष सांगायला स्टेजवर कुणी येत नाही.

साक्षीचंच बोलायचं तर रविवारी उपासनेत साक्षीची वेळ असते, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, देवाने आपल्यासाठी काय केलं ते उठून सगळ्यांसमोर सांगायचं. मुलाला नोकरी लागली, व्हिसा आला, गाठ साधी निघाली. मला कुणाच्या आनंदावर पाणी टाकायचं नाही, टाळ्या मीही वाजवते. पण माईक कधी अशा बाईच्या हातात जात नाही जी म्हणेल की मागितलं, मिळालं नाही, आणि पुढच्या रविवारी मी इथेच येणारे. बांद्र्याला माउंट मेरीच्या जत्रेत मेणाचे हात, पाय, बाळं, घरं विकायला असतात, ज्याला जे हवं त्याने ते वाहायचं, आणि आम्ही प्रोटेस्टंट त्याला नाकं मुरडतो. (मी एका कॅथलिक मैत्रिणीबरोबर गेले होते, किडनी काही दिसली नाही.) पण आमच्याकडेही हिशोब तोच की, मिळालं तरच बोला.

आणि बायबलमधे तर असं नाहीये! दीडशे स्तोत्रांपैकी तिसरा हिस्सा तरी सरळ सरळ तक्रारीचा आहे, कुठवर, हे परमेश्वरा, कुठवर तू मला विसरणार, हे तेराव्या स्तोत्रात पहिल्याच ओळीत येतं. आम्ही वाचतो तेविसावं, एक्क्याण्णवावं आणि एकशे एकविसावं, व्हॉट्सॲपवर फिरतात तीही हीच तीन. अठ्ठ्याऐंशीवं कुणी फॉरवर्ड केलेलं बघितलंय? बाकीच्या बहुतेक रडगाण्यांमधे शेवटी शेवटी तरी, पण मी तुझी स्तुती करीन, असं वळण येतं, ह्यात येतच नाही, अंधारात सुरू होतं आणि अंधारावरच संपतं. कुणीतरी ते लिहिलं, कुणीतरी ते देवळात गायलं, आणि एवढ्या शतकांत कुणाला ते काढून टाकावंसं वाटलं नाही. मला डायलिसिसच्या वेटिंगमधे बसून सगळ्यात जास्त आधार ह्या एका स्तोत्राचा झालाय, कारण त्यात मला कुणी समजावत नाही.

आमच्याकडे उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, बारा ते तीन वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. एका वर्षी चौथा माझ्या वाट्याला आला, माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास. तयारी करताना एक गोष्ट डोक्यात बसली ती निघतच नाही. येशूच्या बाप्तिस्म्याला आकाशातून वाणी झाली, हा माझा प्रिय पुत्र म्हणून, डोंगरावर रूपांतर झालं तेव्हा परत झाली, आणि इथे जेव्हा पोरगा खरोखर हाक मारतोय तेव्हा वरून एक शब्द नाही. अंधार पडला, पडदा फाटला, भूकंप झाला, पण बोललं कुणी नाही. फोन न उचलण्याचा दाखला देणाऱ्या वाचकाला माझं एवढंच म्हणणं आहे की आमचा सगळा धर्म ह्या न उचललेल्या हाकेपाशीच उभा आहे, हे आम्हाला नवीन नाही.

तिसऱ्या दिवशी पुनरुत्थान झालं हो, ते मी मानते, नाहीतर ख्रिस्ती म्हणवून घेतलं नसतं. पण मधला शनिवार आम्ही गाळतो, त्या दिवशी अंडी रंगवण्याची आणि केकची गडबड असते. बायबलमधे लूकने त्या शनिवारबद्दल एकच ओळ लिहिलीये, की गालीलातून आलेल्या बायांनी कबर बघितली, परत जाऊन सुगंधी द्रव्यं तयार केली आणि शब्बाथ दिवशी, म्हणजे यहुद्यांच्या विश्रांतीच्या दिवशी, आज्ञेप्रमाणे स्वस्थ राहिल्या. ह्या बाया काही चमत्काराची वाट बघत नव्हत्या, मढ्याला लावायचं तेल करत होत्या. त्यांची आशा मेलेली होती, प्रेम मेलं नव्हतं, आणि ज्याने उत्तर दिलं नाही त्याचाच शब्बाथही त्यांनी पाळला. मला विचाराल तर विश्वासूपणा तो हाच. आतून काय वाटतंय हा भाग वेगळा.

आता मदर तेरेसांचं. २००७ साली, त्या गेल्यावर दहा वर्षांनी, त्यांची खाजगी पत्रं छापून आली आणि पेपरांत ओरड झाली की मदरचा देवावर विश्वासच नव्हता. त्यांनी स्वतः ती पत्रं नष्ट करा म्हणून विनवलं होतं. कलकत्त्यात काम सुरू झालं साधारण तेव्हापासून म्हणजे १९४८-५० पासून आतला अंधार सुरू झाला, तो जवळजवळ मरेपर्यंत, मधे १९५८ मधे पाच आठवडे उजेड मिळाला तेवढाच. १९७९ ला नोबेल मिळालं त्याच वर्षी एका फादरना लिहिलंय की बघते पण दिसत नाही, ऐकते पण ऐकू येत नाही. म्हणजे जग सत्कार करतंय आणि आत हे! आपल्या पुणेकरांना ह्यातलं एक माहीत नसतं. त्यांना ह्या अंधारात धीर दिला तो पुण्यात शिकवणाऱ्या एका जेझुइट (कॅथलिकांमधला एक संघ) फादरने, फादर योसेफ नॉयनर, मूळचे ऑस्ट्रियाचे, २००९ मधे वयाच्या १०१ व्या वर्षी गेले. मदरनी १९६१ च्या सुमाराला त्यांच्याकडे मन मोकळं केलं. त्यांनी पाप शोधा म्हटलं नाही, विश्वास वाढवा म्हटलं नाही. एक तर ह्यावर माणसाकडे इलाज नाही असं सरळ सांगितलं, दुसरं म्हणजे देव जवळ असल्याचं वाटणं हाच काही तो असल्याचा एकमेव पुरावा नाही, आणि तिसरं, ज्याच्यासाठी एवढी तळमळ होतीये तो आत कुठेतरी असल्याशिवाय ही तळमळ येईल कुठून. तिसरं मला पूर्ण पटतं असं नाही, तळमळ तर पाण्याचीही होते आणि बाटली रिकामीच असते. पण पहिलं वाक्य, इलाज नाही हे, एका धर्मगुरूने म्हणायला फार मोठं मन लागतं. आम्हाला अजून असं कुणी म्हटलेलं नाही.

आणि आता पंडिता रमाबाई, कारण खरी अडचण तिथे आहे. दौंडच्या गाडीने केडगावला उतरलं की त्यांनी निराधार बायकांसाठी काढलेलं मुक्ती मिशन, आम्ही लहानपणापासून जातो. त्यांचं लहानपण म्हणजे तीर्थयात्रा, पुराणं, व्रतं, दानं. १८७० नंतरच्या दुष्काळात आधी वडील गेले, मग आई, मग बहीण, भाऊ १८८० मधे, आणि नवरा १८८२ मधे, पदरात लहान मनोरमा. दुष्काळात घरच्यांनी सांगितलेलं सगळं केलं, होतं नव्हतं ते देवाधर्माला घातलं, उत्तर आलं नाही, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. पुढे १८८३ ला इंग्लंडमधे बाप्तिस्मा घेतला. आता कुणी म्हणेल एक देव गप्प बसला म्हणून सोडला तर मग दुसऱ्याचं काय, कारण ज्या मनोरमाच्या हाती सगळं काम सोपवायचं होतं ती १९२१ च्या जुलैत आईच्या आधी गेली. तेव्हा कुठे बोलला देव?

हिंदू वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये, मला इथे धर्माची तुलना करायची नाही. आपल्या संतांनी विठोबाला काय काय सुनावलंय ते आम्हाला ठाऊक आहे, आमचे ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक तर तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो म्हणायचे. आणि रमाबाई बाहेर पडल्या त्याला देवाच्या मौनापेक्षा शास्त्रात बायकांना आणि शूद्रांना काय जागा आहे हे वाचणं जास्त कारण झालं. पण मला वाटतं मौनातही फरक होता. पहिल्या वेळी उत्तर आलं नाही म्हणजे तुमचं काहीतरी कमी पडलं, अजून करा, अजून घाला. त्या हिशोबातून ती बाई उठली. दुसऱ्या वेळी हिशोबच नव्हता, म्हणून मनोरमा गेल्यावर त्या पुन्हा बायबलच्या भाषांतराला बसू शकल्या, हिब्रू आणि ग्रीकवरून मराठीत, आणि जवळजवळ शेवटपर्यंत तेच करत होत्या, ५ एप्रिल १९२२ ला गेल्या. माझा राग आहे तो ह्यावर, की रमाबाई ज्यातून उठल्या तेच आमचे ब्रदर लोक आता येशूच्या नावाने विकतायत, विश्वास कमी पडला, अजून उपास करा, अजून देणगी द्या.

आता त्या वाचकाला सरळ उत्तर. सवय का श्रद्धा, तर बराचसा भाग सवयच आहे, नाकारत नाही. पण लग्नाला एवढी वर्षं झाल्यावर रोज सकाळी ह्यांच्या हातावर बोटं टेकवते तीही सवयच, तुम्ही त्याला प्रेम नाही म्हणून दाखवा. मी उत्तर मिळावं म्हणून प्रार्थना करत नाही असं नाही, रोज मागते, भांडते, कधी आठवडाभर अबोला धरते, गाणी चालू असताना नुसती उभी राहते. चर्चला जाते कारण देवाशी भांडण आहे ते घरात बसून कुणाशी भांडू.

आमचे पाळकसाहेब तुमचा पेपर घेतात हे मला माहिती आहे, तर जाहीरच सांगते, येत्या उपवासकाळात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या दिवसांत, एका रविवारी अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र पूर्ण वाचून घ्या, त्यावर संदेश देऊ नका, आणि साक्षीच्या वेळेला माईक एकदा मागच्या बाकांवर फिरवा. मिस्टर म्हणतायत मी बोलतो, फक्त रविवार असू दे, शनिवारी मशीनवरून आल्यावर अंगात त्राण नसतं. आणि त्या पत्रलेखकांना पिंपरीला यायचं असेल तर अवश्य या, मंगळवार-गुरुवार-शनिवार सोडून कधीही, चहा पूर्ण कप मिळेल, मोजून फक्त ह्यांना असतो. शहाळं तेवढं आणू नका.

आपली,
एक वाचक, पिंपरी