सोरायसिस आणि कोड रक्तातून 'धुऊन' जात नाहीत

मा. संपादक,

स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत तुम्ही त्वचारोगांवर अर्धं पान छापलंत, त्यात सोरायसिस, कोड, गजकर्ण, खाज सगळं एकाच माळेत ओवून "रक्त अशुद्ध झालं की ते कातडीवाटे बाहेर पडतं" असं ठोकून दिलंय आणि त्याच पानावर खाली जाहिरात, पांढरे डाग मुळापासून घालवा, गॅरंटीसह. मी मिरजेत मेडिकल चालवतो, बी.फार्म. आहे, डॉक्टर नाही, पण लोक ही पानं कापून खिशात घालून आमच्या काउंटरवर येतात आणि "हे द्या" म्हणतात म्हणून लिहितोय. पत्र लांबलंय, कापा हवं तर, फक्त मधला भाग कापू नका.

साधा प्रश्न आहे. रक्त अंगभर फिरतं ना, मग सोरायसिसचा चट्टा बरा होऊन सहा महिन्यांनी परत येतो तो बरोबर त्याच कोपरावर, त्याच गुडघ्यावर का येतो? कोडाचा डाग औषधाने भरला आणि औषध थांबवलं की पुष्कळदा तिथेच का उघडतो? रक्तातली घाण म्हणायची तर तिला पत्ता कोण देतं?

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण मला रोजच्या धंद्यात दिसतं, फिक्स्ड ड्रग इरप्शन. काही लोकांना ठराविक गोळी घेतली की ओठावर, हाताच्या पंजावर किंवा जिथलं सांगायला लाज वाटते अशा जागी गोल जांभळट चट्टा उठतो, आग होते, कधी फोड येतो, मग तो काळा पडून महिनोन्महिने तसाच राहतो. पुन्हा कधीतरी तीच गोळी पोटात गेली की काही तासांत त्याच जागी परत, कधीकधी जोडीला एखादा नवीन. को-ट्रायमॉक्सॅझोल, नॉरफ्लॉक्सासिन, टिनिडाझोल, डॉक्सिसायक्लिन ही जंतूंवरची औषधं, अंगदुखीच्या गोळ्या, क्वचित आपली साधी पॅरासिटॅमॉलसुद्धा. गिऱ्हाईक म्हणतं उष्णता बाहेर पडली. उष्णता वगैरे काही नाही, त्या काळ्या डागात वरच्याच थरात टी पेशी, म्हणजे पांढऱ्या पेशींमधला एक प्रकार, बसून असतात, टोकियोच्या शिओहारांच्या गटाने हे बरंच आधी दाखवलंय, औषध आलं की त्या काही तासांत जाग्या होतात, इंटरफेरॉन गॅमा नावाचं सूज आणणारं रसायन सोडतात आणि आजूबाजूच्या कातडीच्या पेशी मारतात. बाकी अंगाला काही नाही. गोळी मात्र रक्तातून सगळीकडे पोचलेली असते, हे लक्षात घ्या.

या पेशींना टिश्यू रेसिडेंट मेमरी टी सेल म्हणतात. टी सेल म्हणजेच टी पेशी, ज्या एकदा गाठ पडलेला जंतू लक्षात ठेवतात. पूर्वी समज असा की त्या रक्तात फिरतात आणि बोलावणं आलं की कातडीत उतरतात, काम झालं की परत. २००६ मध्ये बोस्टनच्या रेचल क्लार्क आणि थॉमस कुपर यांच्या टीमने हिशोब मांडला तर निरोगी माणसाच्या कातडीत जवळपास २ हजार कोटी टी पेशी निघाल्या, सगळ्या रक्तात मिळून असतात त्याच्या दुपटीच्या आसपास! दंगल मिटल्यावर सुद्धा एसआरपीची तुकडी त्याच चौकात तंबू टाकून राहते ना, तसं आहे हे, पुढच्या वेळी हेडक्वार्टरहून गाड्या यायची वाट बघावी लागत नाही. पेशीवर सीडी-६९ नावाचं प्रोटीन आलं की कातडीतून बाहेर पडायचा इशारा तिला कळेनासा होतो, आणि सीडी-१०३ तिला वरच्या थरातल्या पेशींना धरून ठेवतं.

२००९ मध्ये मेलबर्नच्या लोकांनी उंदरांवर हर्पिसचा जंतू वापरून दाखवलं की जिथे इन्फेक्शन झालं होतं तिथली कातडी नंतर जास्त जपली जाते. मग २०१२ मध्ये कुपर यांच्याच गटाने दोन उंदीर शस्त्रक्रियेने एकमेकांना जोडले, म्हणजे दोघांचं रक्त एकच. तरी ज्याच्या कातडीत पूर्वी इन्फेक्शन होऊन पेशी मुक्कामाला राहिल्या होत्या त्याने व्हायरस झटकन संपवला, आणि ज्याला नुसत्या रक्तातून पेशी मिळाल्या होत्या तो बराच मागे पडला. रक्त तेच हो, फरक कातडीचा.

आता म्हणाल हे सगळं वाईटच आहे का. अजिबात नाही, या पेशी मुळात आपल्या राखणीलाच आहेत. आपल्या आजी-आजोबांच्या दंडावर देवीच्या लशीचा व्रण असायचा तो आठवतोय का, ती लस कातडी ओरखडून द्यायचे. भारतातली पहिली देवीची लस मुंबईतच दिली गेली, १४ जून १८०२ ला ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. त्या काळी कुणाला टी सेल माहीत असायचं कारण नाही, पण कुपर यांच्या प्रयोगशाळेने २०१० मध्ये उंदरांवर तपासलं तेव्हा स्नायूत टोचण्यापेक्षा कातडीवर ओरखडून दिलेली तीच लस जास्त चांगलं संरक्षण देते असं निघालं. १९८० मध्ये देवी जगातून गेल्याचं जाहीर झालं ते अशा कातडीतच दिलेल्या लशीच्या जोरावर.

अडचण होते ती या पेशी चुकीच्या गोष्टीला शत्रू धरून बसल्या की. सोरायसिसचा एक प्रयोग तर तुमच्या लेखकाने वाचायलाच हवा होता. २००४ मध्ये बॉयमन आणि नेस्ले या संशोधकांच्या गटाने सोरायसिसच्या पेशंटची चांगली दिसणारी, चट्टा नसलेली कातडी घेतली आणि स्वतःची प्रतिकारशक्ती जवळजवळ नसलेल्या उंदरांवर लावली. पेशंटच्या रक्तातलं काहीही घातलं नाही. काही आठवड्यांत त्या कातडीवर सोरायसिस उभा राहिला, म्हणजे लागणारं सगळं सामान त्या कातडीतच होतं! पुढे २०१४ मध्ये स्टॉकहोमच्या संशोधकांनी बऱ्या झालेल्या चट्ट्यांच्या जागा तपासल्या, वरून कातडी एकदम साफ, पण आत आयएल-१७ आणि आयएल-२२ ही सूज आणणारी रसायनं तयार करणाऱ्या पेशी शिल्लक होत्या, काहींमध्ये तर महागडी इंजेक्शनं सुरू करून ६ वर्षं झाल्यावरसुद्धा.

आणि रक्त शुद्ध करायचंच म्हणाल तर ते पण करून झालंय. टी पेशींचाच एक कॅन्सर कातडीत होतो, त्यावर अलेम्टुझुमॅब नावाचं औषध देतात, ते रक्तातल्या टी पेशी जवळपास पुसून टाकतं. २०१२ मध्ये क्लार्क यांच्या टीमने बघितलं तर रक्त रिकामं पण कातडीतल्या मुक्कामी पेशी जागच्या जागी. ज्यांचा कॅन्सर रक्तात फिरणाऱ्या पेशींचा होता त्यांना गुण आला, ज्यांचे चट्टे एका जागी ठाण मांडून होते त्यांना नाही. इतकी जालीम 'रक्तशुद्धी' जिथे पुरत नाही तिथे काढा काय करणार.

कोडाचं थोडक्यात सांगतो. तिथे या पेशी रंग देणाऱ्या पेशींना मारतात आणि तिथेच दबा धरून राहतात. उपचार थांबवले की वर्षभरात सुमारे ४० टक्के लोकांत डाग परत येतात, म्हणून काही डॉक्टर भरलेल्या जागेवर सुद्धा आठवड्यातून दोनदा टॅक्रोलिमसचं मलम लावत राहायला सांगतात आणि त्याने परत येणं कमी होतं. आमच्याकडे लोक चिठ्ठी दाखवून म्हणतात, डाग तर गेला, मग ट्यूब कशाला, डॉक्टरचं आणि तुमचं साटंलोटं दिसतंय. काय बोलायचं! २०१८ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या जॉन हॅरिस यांच्या टीमने उंदरांमध्ये या पेशींना लागणारा आयएल-१५ या रसायनाचा पुरवठा तोडला तर पेशी कमी झाल्या आणि रंग परत आला, पण ते अजून औषधाच्या दुकानात आलेलं नाही. रुक्सोलिटिनिबचं क्रीम अमेरिकेत जुलै २०२२ मध्ये कोडासाठी मंजूर झालं, ते उपयोगी आहे पण "लावलं आणि विषय संपला" असं ते पण नाही. आणि कोड शिवल्याने पसरत नाही, कुष्ठरोगाशी त्याचा काडीचा संबंध नाही, हे आजही लग्न जमवताना सांगावं लागतं.

रक्ताचा अजिबात संबंध नाही असंही मी म्हणत नाही, नाहीतर उद्या कुणीतरी मला धरेल. सोरायसिसमध्ये सांधे धरतात, घसा धरल्यावर लहान मुलांना अंगभर ठिपके उठतात, घराण्यात असतो, सूज अंगभर असू शकते. पण "रक्तात घाण साठली" ही गोष्ट वेगळी आणि ती खोटी आहे, आणि तिच्यामुळे माणूस वर्ष वर्ष पथ्यं आणि काढे करत बसतो आणि वेळ घालवतो. वेळ इथे महत्त्वाचा आहे. गुसेलकुमॅब नावाच्या इंजेक्शनच्या एका मोठ्या अभ्यासात ज्यांचा सोरायसिस २ वर्षांच्या आतला होता त्यांच्यात कातडी पूर्ण साफ होऊन साफ राहण्याचं प्रमाण जुन्या पेशंटपेक्षा जास्त दिसलं. इंजेक्शन सगळ्यांना परवडणारं नाही हे मला बिलं फाडताना कळतं, पण निदान लवकर डॉक्टरकडे जाणं तरी परवडतं.

दुसरं टोक म्हणजे ट्यूब. स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध एकत्र असलेली, खाजेवर "एकदम मस्त" म्हणून शेजाऱ्याने सांगितलेली. स्टेरॉइड वाईट औषध नाही, डॉक्टरने दिलं तर उत्तमच आहे, पण ते या पेशींना गप्प करतं, हाकलत नाही, म्हणून थांबवलं की चट्टा परत आणि माणूस म्हणतो ट्यूब चांगली होती, अजून एक द्या. गजकर्णावर लावलं तर बुरशी आरामात पसरते, चेहऱ्यावर लावलं तर कातडी पातळ होऊन लाल होते. २०१८ मध्ये सरकारने बऱ्याच स्टेरॉइड क्रीमना शेड्यूल एच मध्ये टाकलं, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही. नाही म्हटलं की गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं आणि तिथे मिळतं, हे आमच्याच धंद्यातल्या लोकांना उद्देशून.

तुमच्याकडे मागणं दोनच. पांढऱ्या डागांवर खात्रीच्या इलाजाची जाहिरात १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्यात बसत नाही, ल्युकोडर्मा, म्हणजे कोडच, त्याच्या यादीत आहे, तुमच्या जाहिरात विभागाला ती यादी एकदा वाचायला द्या. आणि पुढच्या पुरवणीत कुणा त्वचारोगतज्ज्ञाकडून गोळीच्या डागांबद्दल छोटी चौकट लिहून घ्या. गोळी घेतल्यावर त्याच त्याच जागी डाग उठत असेल तर रिकामी स्ट्रिप फेकू नका, ती घेऊन डॉक्टरकडे जा आणि आतल्या औषधाचं नाव, कंपनीचं नाही, कागदावर लिहून पाकिटात ठेवा, कारण तेच औषध जुलाब थांबवायच्या गोळीत दुसऱ्या नावाने असतं आणि काउंटरवर आम्हाला ते तुम्ही सांगितल्याशिवाय कळत नाही.

कळावे,
आपला एक मेडिकलवाला वाचक,
मिरज