मी तुमच्यासाठी येत नाहीये

सॅन डिएगो,
९ नोव्हेंबर

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

पाकीट बघून घाबरू नका. मी ठणठणीत आहे, नोकरी गेलेली नाही, आणि आई, लग्नही ठरलेलं नाही. फोनवर बाबा दोन मिनिटांत "घे, आईशी बोल" म्हणतात आणि आई "जेवलीस का?" विचारते, की माझं मूळ बोलणं राहूनच जातं. तीन रविवार असेच गेले. म्हणून कागद घेतला.

पत्रास कारण की, मी परत येतेय. कायमची. ३१ मे हा इथला शेवटचा दिवस आणि जूनअखेर खारघरला ॲक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटाच्या कॅन्सर संशोधन केंद्रात, रुजू व्हायचं आहे. कागदांवर सही करून पाठवली, घरमालकिणीला नोटीस दिली, गाडीला गिऱ्हाईकसुद्धा मिळालं. तेव्हा बाबा, "नीट विचार केलास का?" हा प्रश्न आता विचारू नका. केला. वर्षभर केला.

बाबा, मिरजेला ॲडमिट होतात तेव्हा "आमच्यासाठी म्हणून परत आलीस तर तुझ्याशी बोलणार नाही," असं म्हणाला होतात. लक्षात आहे. मी तुमच्यासाठी येत नाहीये. कारणं वेगळी आहेत आणि ती सांगायला मला दोन पानं लागणार आहेत, तर चहा घेऊन बसा. बिनसाखरेचा.

दत्तूकाकांच्या मळ्यातला स्टार्टर आठवतो? रात्रीची लाइट आली, मोटार चालू झाली आणि स्टार्टर चिकटला. सकाळी जाऊन बघतो तर उसाच्या सरी दिसेनात, नुसतं तळं. पेशीत रास नावाचं प्रथिन असतं, ते असंच स्टार्टरचं काम करतं. बाहेरून "वाढ" असा निरोप आला की चालू, काम झालं की बंद. १९८२ मध्ये मूत्राशयाच्या कॅन्सरच्या पेशींत दिसलं की हे प्रथिन बनवणाऱ्या जनुकातलं एकच अक्षर बदललंय. त्यामुळे प्रथिनात बाराव्या जागी ग्लायसिन या अमिनो आम्लाऐवजी व्हॅलिन आलंय. एवढ्याशा फरकानं स्टार्टर चिकटतो आणि पेशी थांबायचं नाव घेत नाही.

त्यातला के-रास नावाचा भाऊ सगळ्यात वांड. त्याचा पृष्ठभाग इतका गुळगुळीत की औषधाला धरायला खाचच सापडेना. तीस वर्षं लोक डोकं आपटत होते. २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या केव्हन शोकाट यांच्या गटाला त्याच्या एका बिघाडात बारीकशी खाच सापडली आणि २०२१ मध्ये फुफ्फुसाच्या कॅन्सरवर गोळी आली, सोटोरासिब. मी फोन केला तेव्हा आईनं शिरा केला होता, जणू ती गोळी मीच काढली! पण पुढचं मी तुम्हाला सांगितलंच नाही. बऱ्याच रुग्णांत काही महिन्यांत गाठ पुन्हा वाढायला लागते. आयर्विन पूल बंद केला म्हणून सांगलीकर घरी बसतो का? बायपासनं जातो. पेशीही तेच करते. माझी इथली चौदा वर्षं हा बायपास शोधण्यात गेली. कुठला निरोप अडवला की पेशी कुठल्या आडवाटेनं तो पोचवते, एवढंच माझं काम. बाबा, तुम्ही शेजारी "कॅन्सरवर औषध शोधते" म्हणून सांगता, ते जरा कमी करा.

मग खारघरच का? १९९१ मध्ये मुंबईत तंबाखू खाणाऱ्यांच्या तोंडातल्या कॅन्सरचे नमुने तपासले होते. जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यात रासचा दुसरा भाऊ, एच-रास, बिघडलेला निघाला. इकडच्या रुग्णांत हे प्रमाण फारच कमी असतं. एच-रासला पेशीच्या पडद्याला चिकटायला एक स्निग्ध शेपूट लागतं. ते शेपूट लावू न देणारं औषध आहे. के-रासवर ते फसलं, कारण तो पठ्ठ्या दुसरं शेपूट शोधून आणतो. एच-रासला ते जमत नाही. चाचण्यांमध्ये असा बिघाड असलेल्या काही रुग्णांच्या गाठी या औषधानं आक्रसल्यात. आता आपल्याकडच्या तोंडांत, तंबाखू-सुपारी-चुन्यानं आयुष्यभर भाजलेल्या गालांत, पेशी कुठला बायपास घेईल? हे इथल्या पेशींवर बघून कळणार नाही. ज्या पेशींवर मी काम करते त्यांतल्या बहुतेक कधीकाळी अमेरिकेतल्या नाही तर युरोपातल्या कुणाच्या तरी होत्या. आज्जीच्या नव्हत्या.

आज्जीचं नाव आलं म्हणून आई आता डोळ्याला पदर लावेल. लावू नकोस. मी दहा वर्षांची होते. बाबा तिला टाटाला घेऊन जायचे आणि परत आले की त्यांच्या शर्टाला दवाखान्याचा वास यायचा. शेक घेऊन तोंड इतकं सोलवटलं होतं की तिला ताकसुद्धा झोंबायचं आणि तरी ती मला खुणेनं विचारायची, पाढे म्हटलेस का. तिच्या गालातल्या गाठीत रास बिघडला होता का, हे आता कुणालाच कळणार नाही. मला पुढच्या आज्जीचं कळून घ्यायचंय.

बाबा, तुमचा मुद्दा मला ठाऊक आहे. "तिथं सगळी साधनं आहेत, इथं केमिकल यायला महिना लागतो." लागेल. मी तेवढं आधी मागवून ठेवीन, गळीत हंगामाच्या आधी तुम्ही मागवायचात तसं. कमल रणदिवे जॉन्स हॉपकिन्सला काम करून मुंबईला परत आल्या आणि देशातली पहिली टिश्यू कल्चरची, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवायची, प्रयोगशाळा त्यांनी उभी केली. त्यांच्या पासंगाला मी पुरणार नाही, पण त्यांच्यापुढे कोरी जागा होती आणि माझ्यापुढे चालती संस्था आहे. पगार कमी आहे, हे खरं. किती कमी ते विचारू नका. दादाला सांगितलंय, तो दोन दिवस गप्प होता.

एक गंमत तुम्हाला सांगायची कधीची राहिलीय. कारखान्याच्या लॅबमध्ये तुमच्या प्रत्येक बाटलीवर तारीख असायची. मी स्टुलावर बसून लेबलं चिकटवायचे, रसाच्या त्या गोड-आंबूस वासात झोप यायची आणि तुम्ही मला बगॅसच्या, म्हणजे उसाच्या चोथ्याच्या, ढिगाजवळून उचलून घरी आणायचात. शिळं द्रावण वापरलं म्हणून एका पोराला तुम्ही शिफ्टमधून घरी पाठवलंत, तेव्हा मला तुमची भीती वाटली होती. तर ऐका. आमच्याच रस्त्यावर सॉल्क इन्स्टिट्यूट आहे. तिथं १९७९ मध्ये टोनी हंटर यांना नवा बफर, म्हणजे आम्लता कायम राखणारं द्रावण, करायचा कंटाळा आला. जुनाच वापरला. पीएच १.९ हवा होता, तो घसरून १.७ झालेला. त्या चुकीच्या पीएचमध्ये प्रथिनातल्या घटकांचे दोन ठिपके वेगळे झाले, जे एरवी एकावर एक बसले असते. त्यातला एक होता फॉस्फोटायरोसिन. प्रथिनातल्या टायरोसिन या अमिनो आम्लाला फॉस्फेट लागून पेशीत निरोप जातो हे तोवर कुणाला माहीत नव्हतं. पुढे त्या निरोप्यांना अडवणारी औषधं निघाली. २००१ मध्ये बाजारात आलेलं, रक्ताच्या एका कॅन्सरवरचं इमॅटिनिब त्यांतलंच. वसंतमामा सोळा वर्षं रोज जेवणानंतर जी गोळी घेतो, ती. तुम्ही त्या लॅबमध्ये असतात तर बफर बेसिनमध्ये ओतला असतात आणि हंटरसाहेबांना घरी पाठवलं असतंत!

एवढं लिहून परत वाचलं. सगळं खरं आहे. पण आईला माझं खोटं अर्ध्या वाक्यात कळतं, म्हणून उरलेलंही लिहिते. बाबांच्या छातीत दुखलं तेव्हा इथे दुपार होती. मी पेशींना औषध घालत होते, हातमोजे चढवलेले, फोन कोटाच्या खिशात. दादाचे सात मिस्ड कॉल. घरी पोचायला मला एकतीस तास लागले. तोवर स्टेंट बसून बाबा "भात गिचका केलाय" म्हणून तक्रार करत होते. त्या एकतीस तासांचं मला काय झालं ते मी कुणाशी बोलले नाही. तेवढ्यासाठी येत नाहीये. पण तेही आहे.

आता राहण्याचं. सांगलीचं घर विका, असं मी चुकूनही म्हणणार नाही. जास्वंद, आंबा, समोरच्या काकू, तुमचा गणपती मंदिरापर्यंतचा फेरा, सगळं तसंच राहू द्या. मी खारघरला दोन खोल्या आणि स्वयंपाकघर असं घर बघतेय. लिफ्ट असेल आणि संडास कमोडचा, म्हणजे बाबांच्या गुडघ्यांना त्रास नाही. स्वयंपाकघराचा ओटा आईच्या उंचीचा नसला तर पाट ठेवू. रात्री सांगलीला गाडीत बसलात की पहाटे कळंबोलीला मी उभी असेन. महिन्यातून एकदा मी येईन, एकदा तुम्ही या. पटलं तर जास्त राहा. दुपारी कंटाळा येईल, हे आधीच कबूल करते. पण सकाळी समोर डोंगर दिसतो आणि पावसाळ्यात तो इतका हिरवा होतो की आई शाळेच्या वहीत कविता करायची ती पुन्हा करेल.

तोवर माझं ऐका. बाबा, रक्त पातळ करायची गोळी "आज बरं वाटतंय" म्हणून चुकवायची नाही. डॉक्टरांनी बंद करा म्हटल्याशिवाय ती बंद होत नसते. कारखान्यावर जुन्या लोकांना भेटायला जा, पण मोटारसायकलवरनं नको. आणि पूर आला की माळ्यावर सामान चढवायला तुम्ही जायचं नाही, ते शेजारच्या पोरांना सांगा.

आई, जानेवारीत तू दाढ दाखवायला आ केलास तेव्हा डाव्या गालात आतून पांढरा चट्टा दिसला. तेव्हा बोलले नाही. तू माझ्यासाठी पुरणपोळ्या करत होतीस आणि मी भित्री आहे. घाबरू नकोस, असले बहुतेक चट्टे कॅन्सरचे नसतात आणि बरेचसे कधी होतही नाहीत. पण बघून न बघितल्यासारखं करायचं नाही. मिरजेला दातांच्या सर्जनकडे जायचं, दिवाळीचा फराळ संपायच्या आत. ते म्हणाले छोटा तुकडा काढून तपासू, तर काढू द्यायचा. दोन दिवस खिचडी खावी लागेल, एवढंच. आणि आज आरशासमोर उभी राहून तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का ते बघ. जात असली तर मला मेसेजवर नुसतं "हो" पाठव. अडकत असली तर तसं सर्जनना आधी सांग.

आणि मशेरी बंद. शाळेतनं रिटायर होऊन अकरा वर्षं झाली, तरी डबी लपवतेस ती कुणापासून? डाळीच्या डब्यामागे आहे, व्हिडिओ कॉलवर दिसते. एका दिवसात सुटणार नाही, माहीत आहे मला, चिडचिड होईल, सकाळी पोट साफ होणार नाही. बडीशेप चघळ, ओवा चघळ, माझ्यावर चीड. रोज सकाळी फोन करून शिव्या दे, मी उठलेली असते.

थंडी पडली असेल, दोघांनी कानटोप्या घाला.

तुमची,
मनू

ता. क. बाबा, मोतीबिंदूचं ऑपरेशन होईपर्यंत हे पत्र आईला तुम्हीच वाचून दाखवणार. मशेरीचा परिच्छेद गाळू नका. तंबाखू आणून कोण देतं, तेही मला माहीत आहे.