सर, तुम्ही माझ्या कॅनव्हासला ब्रश लावला नाहीत

सर,
सविनय नमस्कार.

नौपाड्यातल्या कितीतरी मुलांना तुम्ही एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसवलंत. पस्तिशी उलटलेली, बँकेत नोकरी करणारी विद्यार्थिनी तुम्हाला चालेल का, याची मलाच धाकधूक होती. तुम्ही विचारलंत, "कोणाचा चेहरा काढायचाय?" मी म्हटलं, मोनालिसा. तुम्ही हसून इटालियन चित्रकार राफाएलने काढलेलं, त्याचा मित्र बाल्दासारे कास्तिल्योने याचं व्यक्तिचित्र पुढ्यात ठेवलंत. "हाही तिच्यासारखाच बसलाय. याच्यापासून सुरू कर."

1514-15 च्या सुमाराचं हे चित्र पॅरिसच्या लूव्रमध्ये आहे. करड्या फरच्या बाह्या, काळी टोपी, पांढरा सदरा. रंगांची चैन नाही, त्यामुळे लपायला जागाही नाही. रूबेन्ससारख्या मोठ्या चित्रकाराने याची नक्कल केली, रेम्ब्रांने 1639 मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या लिलावात पाहून रेखाटन केलं, हे तुम्ही सांगितलंत आणि माझा संकोच गेला.

आधी चौकटी आखून रेखाटन, मग टर्पेंटाइनने पातळ केलेल्या बर्न्ट अंबर या तपकिरी रंगात नुसता छायाप्रकाश. त्वचेचा रंग कधी, असं विचारलं की तुमचं ठरलेलं उत्तर: "डोळे बारीक कर. नाकाखालची सावली जास्त गडद की दाढी?" ते दिसेपर्यंत यलो ओकरची ट्यूब उघडू दिली नाहीत. पावसात काळा रंग वाळेना, तेव्हा समजावलंत की तैलरंगातलं जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. म्हणूनच खालच्या थरात तेल कमी, वरच्यात जास्त. उलट झालं तर वरचा थर तडकतो. (घरी सगळे पंखा लाव म्हणत होते!)

पण मला आभार मानायचेत ते त्या पापणीसाठी. ती जमत नव्हती, तेव्हा तुम्ही हार्डबोर्डचा तुकडा घेऊन त्यावर पापणी रंगवलीत आणि लगेच चिंधीने पुसून टाकलीत. कशी केली ते दिसलं. उतरवून घ्यायला मात्र काही उरलं नाही. सरांच्या एका फटकाऱ्याने जिवंत झालेले आणि खाली विद्यार्थ्याची सही असलेले चेहरे प्रदर्शनांत बरेच दिसतात. माझा कास्तिल्योने जरा झोपाळू झालाय, पण सगळा माझा आहे.

टर्पेंटाइनचा वास सोसून चहा देणाऱ्या काकूंचेही आभार.

आता समोर बसलेल्या माणसावरून काढायचं म्हणताय. बाबा तयार आहेत, फक्त हातात लोकसत्ता हवा म्हणतात. चालेल ना?

तुमची,
शनिवारची विद्यार्थिनी