थर्लो यांच्या नावावरचे वाक्य

महोदय,

बड्या उद्योगांच्या उत्तरदायित्वावरील आपल्या रविवारच्या लेखाची सुरुवात ‘जिला नरकात धाडायला आत्मा नाही आणि लाथ घालायला शरीर नाही, त्या कंपनीकडून सदसद्विवेकाची अपेक्षा कशी धरता?’ या लॉर्ड थर्लो यांच्या वाक्याने झाली आहे. वाक्य झणझणीत आहे आणि लेखाचा मुद्दाही रास्त आहे. पण हे शब्द थर्लो यांचेच, असे छातीठोकपणे म्हणण्याजोगा पुरावा नाही.

मधले काही महिने सोडले, तर थर्लो १७७८ ते १७९२ इंग्लंडचे लॉर्ड चॅन्सेलर, म्हणजे न्यायव्यवस्थेचे प्रमुख असलेले मंत्री, होते आणि १८०६ मध्ये वारले. ऑक्सफर्डचा अवतरणकोश आधार देतो तो जॉन पॉइंडर यांच्या १८४४ मधील वेच्यांच्या पुस्तकाचा, म्हणजे थर्लो गेल्यानंतर ३८ वर्षांनी छापलेल्या मजकुराचा. आणि त्यातही लाथ नाहीच. तिथे एवढेच आहे की, कॉर्पोरेशनला शिक्षा करायला शरीर नसते, दोषी ठरवायला आत्मा नसतो, म्हणून ती मन मानेल तशी वागते. पॉइंडर हे स्वतः ईस्ट इंडिया कंपनीचे भागधारक आणि सतीच्या प्रश्नावर कंपनीला धारेवर धरणारे वकील, तेव्हा हे वाक्य त्यांना टिपून ठेवावेसे वाटले यात नवल नाही. मात्र त्यावरून थर्लो ते याच कंपनीला उद्देशून बोलले, असा तर्क कोणी करू नये. कंपनीचे गव्हर्नर जनरल राहिलेल्या वॉरन हेस्टिंग्जवर संसदेत चाललेल्या महाभियोगात थर्लो यांचा कल हेस्टिंग्जकडेच होता.

मूळ कल्पना तर थर्लो यांच्याही कितीतरी आधीची आहे. १६१२ च्या सटन्स हॉस्पिटल खटल्याच्या वृत्तांतात न्यायमूर्ती एडवर्ड कोक लिहितात की, अशा संस्थेला राजद्रोह करता येत नाही आणि तिला धर्मबहिष्कृतही करता येत नाही, कारण तिला आत्मा नाही. हे हॉस्पिटल म्हणजे टॉमस सटन या धनिकाने लंडनमध्ये गरीब वृद्धांसाठी आणि मुलांच्या शिक्षणासाठी ठेवलेला धर्मादाय होता. त्यांच्या वारसाने मालमत्तेवर हक्क सांगितला आणि निकाल संस्थेच्या बाजूने लागला. आत्मा नसण्याचा उल्लेख तिथे गाऱ्हाणे म्हणून नव्हे, तर संस्थेचे कायदेशीर रूप समजावताना आला आहे. त्याही आधी, तेराव्या शतकात, पोप चौथे इनोसंट यांनी अख्ख्या समुदायाला बहिष्कृत करण्यास मनाई केली होती, ती निरपराध सभासद त्यात भरडले जाऊ नयेत म्हणून.

लेखकाने ‘कॉर्पोरेशन’चे थेट ‘कंपनी’ केले आहे, तेही मला खटकले. त्या काळी शहरे, महाविद्यालये, इस्पितळे हीसुद्धा कॉर्पोरेशनेच होती. आपल्याकडे तर आजही हा शब्द कानावर पडला की पाणीपट्टीचे बिल आठवते.

हा लेख पुढे पुस्तकात जाणार असेल, तर ‘थर्लो म्हणतात’ऐवजी ‘थर्लो म्हणाले म्हणे’ असे करावे, एवढीच विनंती.

आपला,
एक निवृत्त ग्रंथपाल, सातारा